वजन कमी करायचंय? चालणं आणि लोखंड एकाच आठवड्यात कसं बसवायचं

वजन कमी करायचं म्हणून जिममध्ये नाव घातलं की दोन पंथांची माणसं भेटतात. ट्रेडमिलवाले सांगतात, तासभर घाम गाळा, बाकी काही नको. लोखंडवाले सांगतात, कार्डिओने, म्हणजे धावण्या-चालण्यासारख्या दम लावणाऱ्या व्यायामाने, मसल जळतं, फक्त वजनं उचला. बाई असाल तर बहुतेक वेळा तुम्हाला कोणी विचारतही नाही. ट्रेनर थेट ट्रेडमिलकडे बोट दाखवतो आणि फार तर एकेक किलोचे गुलाबी डंबेल हातात ठेवतो. मी या सगळ्यातून गेले आहे. आता ऑफिसातल्या मैत्रिणी, चुलतभाऊ, सोसायटीतले काका विचारतात तेव्हा जे सांगते, तेच इथे क्रमाने लिहिते.

सुरुवातीला थोडा हिशेब, कारण तो कळला नाही तर पुढचं सगळं अंधारात.

७० किलो वजनाची व्यक्ती ताशी पाच-साडेपाच किलोमीटरच्या वेगाने तासभर चालली, तर साधारण २५० ते ३०० किलोकॅलरी खर्च होतात. एका वडापावात जवळपास तेवढ्या असतात. टेकडी उतरून थेट मिसळीवर बसणाऱ्यांचं वजन वर्षानुवर्षं का हलत नाही, ते यावरून लक्षात येईल. वजन उतरवण्याचं मोठं काम ताटात होतं. चालण्याने त्याला हातभार लागतो, दम वाढतो, साखर आणि रक्तदाब आटोक्यात राहायला मदत होते.

मग वजनं कशाला उचलायची? कारण खाणं कमी केलं की शरीर नुसती चरबी मोडत नाही, स्नायूही मोडतं. ताकदीचा व्यायाम सुरू असेल आणि प्रोटीन पुरेसं असेल, तर स्नायू बरेचसे टिकतात आणि उतरणारं वजन मुख्यतः चरबीचं असतं. तिशी-चाळिशीनंतर स्नायू तसेही हळूहळू कमी होत जातात. पाळी गेल्यावर बायकांची हाडंही वेगाने ठिसूळ होतात, आणि त्यांना भार हवाच असतो. "मसल वाढवा, झोपेतही चरबी जळेल" हे मात्र फार मनावर घेऊ नका. एक किलो स्नायू विश्रांतीच्या अवस्थेत दिवसाला जेमतेम १३ किलोकॅलरी खर्च करतो. चहातल्या चमचाभर साखरेत त्याहून जास्त असतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम करावा, आणि शिवाय किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्यावा. आपल्याला तिथे पोचायचं आहे, पण पहिल्याच सोमवारी नाही.

१. आधी डॉक्टर, मग टेप

रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा कुठलाही त्रास, गुडघा-कंबरेचं जुनं दुखणं, नुकतंच बाळंतपण किंवा ऑपरेशन, किंवा चाळिशी उलटली आहे आणि कित्येक वर्षांत व्यायाम नाही, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टरांना भेटा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेत असाल तर व्यायामाने साखर एकदम खाली येऊ शकते. डोस आणि खाण्याच्या वेळा विचारून घ्या आणि खिशात ग्लुकोज किंवा साखरेच्या पुड्या ठेवा. एक जिना चढल्यावर धाप लागत असेल तर हिमोग्लोबिन तपासायचं का, हेही विचारा. आपल्याकडे बायकांमध्ये ते कमी असणं फारच सर्रास आहे, आणि रक्त कमी असताना "माझा स्टॅमिनाच नाही" म्हणून स्वतःला दोष देत बसण्यात अर्थ नाही.

मग मोजमाप. भारतीयांसाठी बीएमआयच्या (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) मर्यादा खाली धरतात: २३ पासून जास्त वजन, २५ पासून लठ्ठपणा. उंची १५८ सेंटिमीटर आणि वजन ६५ किलो असेल तर बीएमआय २६ येतो. त्याहून उपयोगी आकडा पोटाच्या घेराचा. बायकांसाठी ८० सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी ९० ही धोक्याची रेघ. शिंप्याची साधी टेप घ्या. सकाळी, काही खाण्याआधी, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप धरा, श्वास सोडा आणि मग आकडा वाचा. पोट आत ओढू नका, टेपला काही कळत नाही.

२. सामान आणि कागद

घरी करणार असाल तर:

- चालायला बरे बूट. ताकदीच्या व्यायामाला सपाट तळव्याचे कॅनव्हास बूट किंवा अनवाणी पाय. मऊ, जाड सोलवर बैठका मारताना पाय डुगडुगतात.
- एक हलका आणि एक जरा घट्ट रेझिस्टन्स बँड, म्हणजे ताणायचा रबरी पट्टा.
- डंबेलची जोडी. नसेल तर पाण्याचे पाच लिटरचे दोन कॅन. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे हवं तेवढं वजन भरता येतं.
- हात नसलेली भक्कम खुर्ची, चटई, वही.

जिमला जाणार असाल तर फोटो, आधारची झेरॉक्स आणि तब्येतीची माहिती भरायचा फॉर्म, एवढं बहुतेक ठिकाणी लागतं. तो फॉर्म खरा भरा. फीची पक्की पावती मागा, आणि मेंबरशिप मध्येच थांबवता येते का, पैसे परत मिळतात का, हे पावतीवर किंवा कराराच्या कागदावर वाचा. काउंटरवरचा मुलगा तोंडी जे सांगतो ते पुढच्या महिन्यात त्यालाच आठवत नाही. आमच्या भागातल्या एका जिमने वार्षिक फी घेऊन सहा महिन्यांत शटर ओढलं, आणि आम्ही बरेच जण बंद शटरचे फोटो काढून परत आलो. तेव्हा वर्षाची "ऑफर" कितीही स्वस्त वाटली तरी पहिल्यांदा एक महिना किंवा तीन महिनेच भरा. जिम संध्याकाळी सात वाजता, म्हणजे खऱ्या गर्दीच्या वेळी जाऊन बघून या. दुपारी दोनला सगळ्याच जिम प्रशस्त दिसतात.

३. पहिले दोन आठवडे नुसतं चाला

या पायरीवर सगळ्यांना कंटाळा येतो, पण ती गाळू नका. आठवड्यातले पाच दिवस, २० मिनिटांपासून सुरुवात करा आणि दोन आठवड्यांत ३०-३५ मिनिटांवर या.

वेग किती? स्मार्ट घड्याळात दिसणाऱ्या हृदयाच्या ठोक्यांपेक्षा तोंड जास्त खरं बोलतं. चालताना पूर्ण वाक्य बोलता यायला हवं, पण गाणं म्हणता येऊ नये. गाणं म्हणता आलं तर तुम्ही रमतगमत चालला आहात. वाक्य तुटत असेल तर वेग जास्त आहे. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांनी तर ठोक्यांचे तक्ते बघूच नयेत. त्या गोळ्यांनी ठोके मुळातच कमी राहतात.

पुण्यात असाल तर टेकड्यांचा मोह होणारच. जरूर जा, पण पहिल्या आठवड्यात नको. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या उतरल्यामुळे. उतरताना स्नायू ताणला जात असताना भार पेलतो, आणि दुखणं त्यातूनच येतं. गुडघे कुरकुरत असतील तर आधी सपाट रस्ता, मग चढ. मुंबईकरांना वेगळा वेळ मिळत नसेल तर एक स्टेशन आधी उतरून चालणं आणि पुलाचे जिने हाही व्यायामच आहे. विदर्भात उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत परत घरी या.

ट्रेडमिलवर असाल तर समोरचा दांडा धरू नका. दांडा धरून चढ दहावर ठेवणारी मंडळी रोज दिसतात. अर्धं वजन हातांवर टाकल्यावर तो चढ नावापुरताच उरतो. चढ दोन-तीनवर ठेवा आणि हात मोकळे सोडून चाला. पडद्यावर दिसणाऱ्या कॅलरी बऱ्याचदा फुगवलेल्या असतात, त्यांच्या भरवशावर खाणं वाढवू नका.

४. तिसऱ्या आठवड्यापासून ताकद: सहा हालचाली पुरतात

दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून. प्रत्येक हालचालीचे दोन सेट, एका सेटमध्ये ८ ते १२ वेळा. सेटनंतर मिनिटभर किंवा दीड मिनिट थांबा. आधी पाच मिनिटं अंग गरम करा: जागच्या जागी चालणं, खांदे फिरवणं, दोन-तीन संथ सूर्यनमस्कार.

बैठक. सुरुवातीला हीच नीट शिका, कारण बाकीचं बरंचसं तिच्यावर उभं आहे. खुर्चीसमोर पाठ करून उभे राहा, पाय खांद्याएवढे लांब, चवडे किंचित बाहेर. आता गुडघे पुढे नेण्याऐवजी ढुंगण मागे न्या, जणू खुर्ची थोडी लांब आहे. खाली जायला तीन अंक मोजा. खुर्चीला टेकलात की धपकन बसू नका, फक्त स्पर्श करा आणि टाचा जमिनीत रोवून वर या. गुडघे एकमेकांकडे झुकायला लागले तर मांडीभोवती बँड घालून त्याविरुद्ध बाहेर ढकला. बारा सहज जमल्या की छातीशी डंबेल किंवा पाण्याचा कॅन धरा. अगदी जमत नसेल तर खुर्चीवर दोन उशा ठेवून उंची वाढवा आणि आठवड्याने एक काढा.

जोर. भिंतीवर हात टेकून सुरुवात, मग ओट्यावर, मग पलंगावर, शेवटी जमिनीवर. ओट्यावरचे बारा जोर नीट जमायला काहींना तीन महिने लागतात. लागू देत.

कमरेतून वाकणं. गुडघे किंचित सैल, पाठ सरळ, नितंब मागे नेत पुढे झुका, मांडीची मागची बाजू ताणली गेली की वर या. जिममध्ये याला रोमेनियन डेडलिफ्ट म्हणतात. वाकताना पाठीचा कणा गोल झाला तर वजन कमी करा. गॅसचा सिलिंडर सरकवताना कंबर वाचते ती याच सवयीने.

ओढणं. बँड खिडकीच्या गजाला अडकवून कोपरं मागे ओढा. जिममध्ये केबल रो किंवा लॅट पुलडाउन. दिवसभर लॅपटॉपपुढे वाकलेल्यांनी हा एक सेट जास्त करावा.

ब्रिज आणि प्लँक. पाठीवर झोपून कंबर उचलायची ती पहिली, कोपरांवर अंग तोलून धरायचं ती दुसरी. प्लँक २० सेकंदांचा पुरे. मिनिटामिनिटाच्या पैजा सोडा.

"वजनं उचलली की दंड पुरुषांसारखे होतात," असं काकू-मावश्या सांगतील. बायकांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन इतकं कमी असतं की तसे दंड करायला वर्षानुवर्षं मुद्दाम मेहनत घ्यावी लागते. गुलाबी डंबेल खाली ठेवा आणि बाराव्या वेळेला खरंच जड वाटेल असं काहीतरी उचला.

इथला सापळा गंभीर आहे. जोशात, किंवा कोणी चढवलं म्हणून, पहिल्याच दिवशी दोनशे-तीनशे बैठका मारू नका. अंग दुखणं २४ ते ७२ तास राहतं, ते साहजिक आहे. पण स्नायू भयंकर सुजले आणि लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, तर स्नायू मोडून त्यातले घटक मूत्रपिंडावर जात आहेत. तेव्हा घरी शेकत बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. छातीत दुखणं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, चक्कर, थंड घाम यांनाही हेच लागू. "गॅस असेल" म्हणून सोडून देऊ नका.

५. आठवडा असा बसवा

महिनाभरानंतर माझ्या मते नवशिक्यासाठी सगळ्यात निभणारं वेळापत्रक हे:

- सोमवार: ताकद ३५ मिनिटं, मग १० मिनिटं चालणं
- मंगळवार: चालणं ४० मिनिटं
- बुधवार: सुट्टी
- गुरुवार: ताकद ३५ मिनिटं, मग १० मिनिटं चालणं
- शुक्रवार: चालणं ४० मिनिटं
- शनिवार: सुट्टी, किंवा पहिल्या दोन-तीन महिन्यांनंतर ताकदीचा तिसरा दिवस
- रविवार: टेकडी, सायकल, पोहणं, काहीही, तासभर

चालण्याची, म्हणजे कार्डिओची, बेरीज १६० मिनिटं होते आणि ताकदीचे दोन दिवस वेगळे.

एकाच दिवशी दोन्ही असेल तर आधी ताकद. दमलेल्या पायांनी बैठका मारल्या की पाठ वाकते आणि दुखापत होते. चालणं मात्र दमलेल्या पायांनीही होतं. कार्डिओने स्नायू वाढत नाहीत ही भीती कुठून आली, तेही सांगते. १९८० साली रॉबर्ट हिक्सन या अमेरिकन संशोधकाने काही जणांकडून दहा आठवडे दोन्ही व्यायाम करून घेतले, आणि शेवटच्या आठवड्यांत त्यांची ताकद घसरू लागली. पण ती मंडळी आठवड्यातले पाच दिवस जड वजनं आणि सहा दिवस दमछाक करणारं धावणं-सायकल करत होती. आठवड्यात दीडशे मिनिटं चालणाऱ्याने त्याची काळजी करायचं कारण नाही.

६. वही ठेवा

तारीख, हालचाल, वजन, किती वेळा. दोन्ही सेटमध्ये १२ वेळा जमलं आणि अजून दोन-तीन जमली असती असं वाटलं, की पुढच्या खेपेला सर्वांत लहान टप्प्याने वजन वाढवा आणि परत आठवर या. वही नसली की माणूस सहा महिने त्याच डंबेलशी गप्पा मारत राहतो. ट्रेनर दर आठवड्याला नवा व्यायाम देतो त्याचंही फार कौतुक करू नका. सतत बदललं तर ताकद वाढली की नाही तेच कळत नाही.

७. ताट

रोजच्या खाण्यातून ३०० ते ५०० किलोकॅलरी कमी करा, त्याहून जास्त नको. साखरेचा चहा, फरसाण, रात्रीची दुसरी वाढणी, बाहेरचं तळलेलं, एवढ्यातूनच त्या बहुतेक निघतात. भाकरी सोडायची गरज नाही. तेलाची बाटली मात्र चमच्याने मोजा, एका चमच्यात ४५ च्या आसपास जातात.

आपल्या ताटात खरी उणीव प्रोटीनची. वजन उतरवताना किलोमागे साधारण १.२ ग्रॅम धरा. ६५ किलोला ७५-८० ग्रॅम होतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांनी ठरवायचा. एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत २५ च्या पुढे, वाटीभर घट्ट मटकीच्या उसळीत सात-आठ. पातळ वरणावर भरवसा ठेवू नका, त्यात पाणीच जास्त. शेंगदाण्यात प्रोटीन आहे, पण १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर किलोकॅलरीही आहेत, तेव्हा मूठभरच. आणि उपवासाची साबुदाण्याची खिचडी म्हणजे स्टार्च आणि तूप. त्या दिवशी दही, ताक, दूध, पनीर यांवर भर द्या.

व्हे पावडर, म्हणजे दुधापासून केलेली प्रोटीन पावडर, चालते, गरज नाही. घ्यायचीच तर डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना क्रमांक बघा आणि जिमच्या काउंटरवरचा सुटा, पुडीतला माल घेऊ नका. फॅट बर्नरच्या गोळ्या, घामाचा पट्टा, पोटाला गुंडाळायचं प्लास्टिक, यांवर पैसे घालवू नका. घामाने उतरलेलं वजन पाणी प्यायल्यावर परत येतं.

८. काटा कसा वाचायचा

पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरले तर पेढे वाटू नका. शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा कमी होतो आणि त्याच्याबरोबर पाणी जातं. ताकदीचा व्यायाम सुरू केल्यावर उलटंही होतं: दुखऱ्या स्नायूंत पाणी साठून काटा किलोभर वर जातो. पाळीच्या आधीही तेच. म्हणून आठवड्यातून तीन-चार सकाळी वजन घेऊन सरासरी काढा, आणि पोटाचा घेर दोन आठवड्यांनी. आठवड्याला पाव ते अर्धा किलो हा चांगला वेग आहे. काटा थांबलाय पण घेर कमी होतोय, तर काहीही बदलू नका. तीन-चार आठवडे दोन्ही थांबले तर आधी खाण्याची वही चार दिवस प्रामाणिकपणे लिहा, मग रोजचं चालणं दहा मिनिटांनी वाढवा. व्यायाम दुप्पट करायची ही वेळ नव्हे.

९. खंड पडला तर

गणपती, दिवाळी, घरातलं लग्न, मार्चअखेर. पडणारच. आठवडाभर सुटलं असेल तर वहीतल्या शेवटच्या आकड्यांपासून पुढे जा. तीन-चार आठवडे सुटलं असेल तर वजनं पाव हिश्शाने कमी करा आणि सेट दोनच ठेवा. दोन आठवड्यांत बहुतेक परत जागेवर येतात. सुटलेले दिवस भरून काढायला एका रविवारी सगळं उरकू नका. ताप असताना व्यायाम पूर्ण बंद. डेंग्यू किंवा चिकनगुनिया होऊन गेला असेल तर अशक्तपणा आणि सांधेदुखी बरेच दिवस रेंगाळते, तेव्हा डॉक्टरांनी हो म्हटल्यावर पुन्हा तिसऱ्या पायरीपासून, नुसत्या चालण्याने सुरुवात करा.